मागचे चाक का धरते?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आमची बुलेट धुवायला नेली, तिथूनच या प्रकरणाला सुरुवात झाली. मला ते कळले मात्र भाऊबीजेला, आणि तेही सातारा रस्त्याच्या कडेला.

गाडी जुनी. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, अशा बांधणीची. हल्लीच्या मुलांना चालवायला दिली तर ती ब्रेक म्हणून गिअर दाबतात! दसऱ्याला तिचे कोडकौतुक करण्याची आमच्या घरची रीत. यंदाही धुलाईवाल्याकडे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली ती लखलखीत झाली, चाकातली पावसाळ्याची चिखलाची पुटे निघाली, आणि मी धन्य झालो. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सारे यथासांग झाले. मग दिवाळीच्या गडबडीत गाडी तीन आठवडे जिन्याखाली उभी. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चेन सैल वाटली म्हणून ती ताणून घेतली. आपण फार कर्तव्यदक्ष आहोत, असेच मला वाटत होते.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही दोघे साताऱ्याला माझ्या बहिणीकडे निघालो. मागे फराळाचा डबा बांधलेला. कात्रज ओलांडताना गाडी जड वाटली. म्हटले, ओझे आहे. शिरवळपर्यंत मूठ नेहमीपेक्षा जास्त पिळावी लागत होती. म्हटले, समोरून वारा आहे. गाडीतला दोष कबूल करायचा नसला म्हणजे कारणे कशी पटापट सुचतात! खंडाळा गाव जवळ आले तशी मागून सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी करपतंय."

आठवडाभर कढईपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या नाकाशी वाद घालू नये. मी गाडी कडेला घेतली. मागच्या चाकाच्या मध्याशी हात नेला, तर चार बोटे लांबूनच धग लागली. मी लगबगीने पाण्याची बाटली उघडली, तोच तिने हात धरला. "बिडाचा तवा असा विझवतात का?" अगदी बरोबर. तापलेल्या ड्रमवर एकदम गार पाणी पडले तर तो वाकतो, तडकतोसुद्धा. त्याला आपोआप निवू देणे, एवढेच आपल्या हाती असते.

गाडी मधल्या स्टँडवर चढवून न्यूट्रलमध्ये चाक फिरवले. ते अर्धा फेराही जाईना. तेव्हा लक्षात आले, की चेन ताणायची म्हणजे चाक मागे सरकवायचे, आणि चाक मागे सरकले की ब्रेकचा दांडाही ताणला जातो. चेन ताणणाऱ्याने तो सैल केला नव्हता, आणि मीही बघितले नव्हते. दांड्याच्या मागच्या टोकाला असलेला नट मी तीन-चार फेरे सैल केला. चाक भिरभिर फिरू लागले. मला न्यूटनसारखे वाटले. खात्रीसाठी एकदा ब्रेक दाबून सोडला, आणि चाक पुन्हा जिथल्या तिथे!

समोर खंबाटकीचा घाट दिसत होता. सौ. शांतपणे म्हणाली, "मी या गाडीवर घाट चढणार नाही. आणि तुम्हीही चढायचं नाही." ब्रेक लागत नाही हे जितके वाईट, तितकेच लागलेला सुटत नाही हेही वाईट. वळणावर, त्यातून ओल्या रस्त्यावर, मागचे चाक अचानक धरले तर गाडी घसरते, आणि मग डब्यातल्या करंज्यांची काळजी करायलाही कोणी उरत नाही. मी चाकाजवळची लिव्हर हाताने मागे ओढून चाक सोडवले आणि गाडी ढकलत गावात आणली.

भाऊबीजेला एक गॅरेज उघडे सापडले. पंचविशीचा मुलगा होता. "बहीण संध्याकाळी यायचीय, तोवर बसून काय करू?" म्हणाला. मी त्याला सारे पुराण सांगितले. तो पान्याला हात लावील असे वाटले होते, पण तो चाकाजवळ उकिडवा बसला. "काका, आधी कुठं अडकलंय ते बघू. दाबा. आता सोडा."

मी सोडले. पायाखालची पेडल टपकन वर आली. मागची लिव्हर मात्र पुढेच झुकून राहिली, आणि तिच्या खुंटीत नि दांड्याच्या नटात बोटाची पेर जाईल एवढी फट पडली. "बघितलंत?" तो म्हणाला. "पाय परत आलाय, दांडा परत आलाय. चाकातलं आलेलं नाही."

इतकी वर्षे गाडी चालवून मला हे सुचले नव्हते. ब्रेक म्हणजे एक साखळी असते. पाय पेडल दाबतो, पेडल दांडा ओढते, दांडा लिव्हर ओढतो, लिव्हर ड्रमच्या आत एक चपटा खिळा फिरवते, आणि त्या खिळ्याने दोन्ही ब्रेक शू फाकून ड्रमला चिकटतात. त्या खिळ्याला कॅम म्हणतात. पाय काढला की स्प्रिंगांनी सारे उलट्या क्रमाने परत यायचे. कोणता गडी परत आला नाही, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. पेडलच खाली राहिली असती, तर तिच्या कण्याला ग्रीस नाही किंवा तिची स्प्रिंग थकली, असे समजायचे. तशा वेळी बहुधा मागचा लाल दिवाही जळतच राहतो, आणि सिग्नलला कोणीतरी भला माणूस ओरडून सांगतो. आपण त्याला 'धन्यवाद' म्हणतो आणि विसरतो.

चाक उतरवण्याआधी त्याने लिव्हर आणि कॅमचा दांडा यांच्यावर मिळून एक खूण ठोकली. लिव्हर दातेरी दांड्यावर बसते. एक दात इकडेतिकडे झाला की सगळे माप चुकते. मग ब्रेकची थाळी बाहेर आली. आतला काळा भुगा मी फुंकर मारून उडवणार, तोच तो ओरडला, "नाकात जाईल!" जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि तो फुप्फुसांचा वैरी. त्याने ओल्या फडक्याने भुगा पुसून घेतला. लायनर अजून जाड होते. ते झिजले असते, तर कॅम गरजेपेक्षा जास्त फिरून कडेवर अडकण्याचाही संभव होता. आमचा गुन्हेगार मात्र कॅमच होता. थाळीतल्या भोकातून तो हातोडीच्या दांड्याने ठोकूनच बाहेर काढावा लागला. अंगभर तांबूस गंज.

"कुठल्या वॉशिंगला नेली होती?" त्याने विचारले. मी जमिनीकडे पाहिले. जोराच्या फवाऱ्याने होते नव्हते ते ग्रीस धुऊन गेले, पाणी आत शिरले, आणि तीन आठवडे हार घालून गाडी उभी राहिली. गंजाला याहून चांगली दिवाळी कुठली!

पुढचे काम अर्ध्या तासाचे. बारीक पॉलिश पेपरने कॅम आणि भोक दोन्ही घासली, डिझेलच्या फडक्याने पुसून कोरडी केली, आणि उष्णता सोसणारे ग्रीस लावले, तेही करंगळीच्या नखावर मावेल एवढेच. ग्रीस लायनरवर गेले तर धरणारा ब्रेक न धरणारा होतो, आणि ते दुखणे अधिक वाईट. चाक परत चढवल्यावर त्याने मला ब्रेक दाबून धरायला लावले आणि मगच ॲक्सलचा नट आवळला. तसे केले म्हणजे थाळी बरोबर मध्यावर बसते. शेवटी आम्हा दोघांना गाडीवर बसवून पेडलची ढिलाई पुन्हा तपासली, कारण वजनाने मागचा भाग दबला की दांड्याचा ताण बदलतो. हे किती जण तपासतात?

बहिणीकडे जेवायला दोन वाजले. माझी कहाणी रंगात आली असताना भाचा म्हणाला, "मामा, माझाही मागचा ब्रेक धरतो. पण रोज सकाळी ठीक असतो, दहा-बारा किलोमीटर गेल्यावर धरतो."

त्याची गाडी नवी, मागे डिस्क ब्रेक. तिथे दांडा नाही, तेल आहे. पण प्रश्न तोच, अडकले कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक फेरी मारून चाक धरलेल्या गाडीसह अंगणात आला. ताईने रांगोळी काढली होती. तिच्यापासून गाडी लांब नेली, कारण ब्रेकचे तेल रंगाचे वाटोळे करते, मग तो टाकीचा असो की फरशीचा. कॅलिपरवर तेल काढण्याचा एक छोटा निपल असतो. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे टोक मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत सोडले, आणि निपल पान्याने किंचित सैल केला. चमचाभर तेल चुळकन आले आणि चाक सुटले! निपल लगेच बंद केला, म्हणजे हवा आत जात नाही. याचा अर्थ कॅलिपर निर्दोष होता. तेलाचा दाब वरच कोंडला होता. चाक तरीही सुटले नसते, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा तो ज्यांवर सरकतो त्या पिना गंजल्या, असे समजायचे.

दाब कोंडतो कसा? पेडलजवळच्या सिलिंडरात टाकीकडे जाणारे एक सुईएवढे छिद्र असते. पाय काढला की पिस्टन मागे येऊन ते उघडे होते, आणि तापून फुगलेले तेल त्यातून टाकीत परत जाते. भाच्याने पायाला सोयीची म्हणून पेडल खाली बसवून घेतली होती. त्यामुळे पिस्टन कायमच किंचित दाबलेला आणि छिद्र झाकलेले. गार असताना काही नाही. तेल तापले की फुगते, फुगले की ब्रेक दाबते, ब्रेकने ते आणखी तापते. दांडीची थोडी मोकळीक परत दिल्यावर पेडल बोटभर हलू लागली आणि दुखणे गेले.

त्या तेलाचा रंग मात्र कडक चहासारखा झाला होता. हे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीचे तेल ताजे असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत, असा दंडक आहे. फरक केवढा ते बघा. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे. भाच्याच्या गाडीला एबीएस असल्याने ते काम वर्कशॉपवर सोपवले. आणि या ब्रेकच्या रबरांना पेट्रोल, डिझेल, साधे ग्रीस काहीही लावू नये. ती फुगतात आणि नवेच अडकणे सुरू होते.

परतताना आम्ही बोगद्यातून आलो. शिरवळला चहाला थांबलो, तेव्हा मी मुद्दाम काही बोललो नाही. सौ. उतरली, मागच्या चाकाशी हात नेला, मग टेकवला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "चहात साखर कमी सांगा."