एका तबकडीचा भरवसा

लग्नकार्यातील छायाचित्रे, मुलांचे बोबडे बोल, घरादाराची कागदपत्रे हा सारा ठेवा पूर्वी पेटीत किंवा फडताळात असे. आज बहुतेक घरांत तो संगणकाच्या स्वाधीन झाला आहे. पेटीला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसे. संगणकाची हार्ड डिस्क मात्र काल चोख चालून आज कायमची मुकी होऊ शकते.

याचे कारण तिच्या रचनेत आहे. चुंबकीय लेपाच्या तबकड्या तिच्यात मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. येथे वाचणारे टोक अवघ्या काही नॅनोमीटरांवर, वायूच्या पातळ थरावर तरंगत असते. चालती डिस्क हातातून पडली, की ते टोक तबकडीला खरडते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, हे खरे. परंतु गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा असे आढळले की, बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. बॅकब्लेझ ही साठवणूक करणारी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांचे आकडे प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांत अलीकडे वर्षाकाठी शंभरांतील सुमारे एक-दोन डिस्का निकामी झालेल्या दिसतात. हे प्रमाण अल्प खरे. पण ती एक आपल्याच घरातली नसेल, असे कोण सांगणार? हमीपत्र नवी डिस्क मिळवून देते, छायाचित्रे नव्हे.

मग बाहेरून जोडावयाची डिस्क घ्यावी तरी कोणती? पुष्कळ साठा कमी खर्चात घरी ठेवावयाचा असेल, तर फिरत्या तबकडीची डिस्क पुरेशी आहे. नित्य प्रवासात न्यावयाची असेल, तर एसएसडी बरी. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती धक्का सोसते. मात्र तिच्यातील मजकूर विद्युत्भाराच्या रूपाने राहतो. वीज न देता ती दीर्घकाळ पडून राहिली, तर तो भार हळूहळू ओसरतो. म्हणून ती वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवू नये.

तथापि, वाचकहो, खरी निवड डिस्कची नसून प्रतींच्या संख्येची आहे. जाणकारांचा नियम सोपा आहे: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. संगणकात एक, बाहेरच्या डिस्कवर दुसरी आणि परगावी राहणाऱ्या भावंडाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात तिसरी ठेवली, की चोरी, आग वा पूर यांतूनही ठेवा वाचतो. नक्कल झाल्यावर बाहेरची डिस्क संगणकापासून वेगळी करावी. म्हणजे संगणकात शिरलेला विषाणू तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

आणि अधूनमधून त्या प्रतीतील चार छायाचित्रे उघडून पाहावीत. जी प्रत उघडून पाहिली नाही, ती आहे असे समजू नये.