नेट कोणत्या वाटेने येतं? : कर्जत-खालापूरच्या व्यवसायांच्या जोडणीचा आढावा

१९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. पाणी लोणावळ्याच्या तलावांतलं, ते घाट उतरून यायचं खोपोलीत, आणि तारा जायच्या मुंबईला. १९२२मध्ये भिवपुरीचं वीजगृह सुरू झालं, त्याची वीजही मुंबईलाच जायची. आसपासच्या वाड्या-पाड्यांत दिवा लागायला मात्र पुढे कित्येक दशकं गेली. मुंबई आणि पुण्याच्या मधोमध असल्याने कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून पुष्कळ काही जातं. भोर घाटातली रेल्वे १८६३पासून जाते, द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, आणि आता जमिनीखालून फायबर जाते. रेलटेल ही रेल्वेची कंपनी २००० साली स्थापन झाली ती रुळांच्या कडेने फायबर टाकण्यासाठीच. खालापूरच्या शेजारी, पनवेल तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत २०२० साली योट्टा कंपनीचं प्रचंड डेटा सेंटर उभं राहिलं. एवढं सगळं दाराशी असताना खांडस, कशेळे किंवा वावोशीच्या व्यावसायिकाला पावसाळ्यात ‘नेट गेलंय’ हे वाक्य किती वेळा म्हणावं लागतं, ते त्यालाच विचारावं.

अंतर हे त्याचं कारण नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. कर्जत स्टेशन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने शंभर किलोमीटर. म्हणजे हिशेबाने हे अंतर अर्ध्या मिलिसेकंदाचं. अडचण आहे ती शेवटच्या चार-पाच किलोमीटरची. तिथे केबल विजेच्या खांबावरून लोंबते, नाल्यावरून जाते, आंब्याच्या फांदीला बांधलेली असते, आणि कुठल्या जेसीबीचा पंजा तिच्यावर कधी पडेल ते सांगता येत नाही.

वीस वर्षांपूर्वी इतकं बिघडत नव्हतं, कारण नेटवर अवलंबून असं फारसं काही नव्हतंच. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून आलं. एक्स्चेंजपासून जितकं दूर, तितका वेग कमी. त्यामुळे गावठाणातल्या दुकानाला जे मिळायचं ते रानातल्या पोल्ट्रीला मिळायचं नाही. मग मोबाइलचं फोर-जी आलं, आणि टीव्हीचं केबल कनेक्शन देणाऱ्यांनी त्याच खांबांवरून फायबर ओढायला सुरुवात केली. पण व्यवसायांना खरी निकड लावली ती सरकारी नियमांनी. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला. मे २०१८पासून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल नेतानाही ई-वे बिल आलं. पाच कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. आता नेट नसेल तर भरलेला ट्रक फाटकातून बाहेर पडत नाही.

पाताळगंगा, रसायनी, सावरोली, खोपोली हा पट्टा पाहिला की हे नीट समजतं. पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टरचा कारखाना १९८२मध्ये आला, रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा त्याच्याही आधी उभा राहिला होता. खोपोलीच्या बाजूला पोलादाचे कारखाने, आणि अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं. अशा ठिकाणी वजनकाट्यावर गाडी चढते, वजन संगणकात जातं, तिथून हिशेबाच्या प्रणालीत, तिथून मुख्यालयात, तिथून जीएसटीच्या संकेतस्थळावर. क्रमांक परत येतो, कागद छापला जातो, ड्रायव्हर सही करतो. वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंतचा भाग हा आवारातल्या जाळ्याचा, म्हणजे लॅनचा. आवाराबाहेर मुख्यालयाला आणि दुसऱ्या शाखांना जोडणारं जाळं ते वॅन. साखळीतला एक दुवा सुटला की संध्याकाळी फाटकापाशी ट्रकांची रांग लागते, आणि ड्रायव्हर मंडळी चहाच्या टपरीवर रात्र काढतात.

मोठे कारखाने यासाठी लीज लाइन घेतात. घरगुती फायबर आणि लीज लाइन यांच्या किमतीत इतका फरक का, हा प्रश्न लहान उद्योजक नेहमी विचारतो, आणि त्याला सरळ उत्तर क्वचितच मिळतं. घरगुती फायबरमध्ये पुरवठादाराच्या एका पोर्टमधून साधारण अडीच गिगाबिट निघतात, आणि ते बत्तीस किंवा चौसष्ट ग्राहकांत वाटले जातात. सगळे एकदम बसले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येतं. लीज लाइनमध्ये जेवढी क्षमता विकत घेतली तेवढी तुमच्यासाठी राखलेली असते, चढताना आणि उतरताना सारखीच. आणि तिच्यासोबत एक करार येतो: महिन्यातून किती वेळ सेवा चालू राहील, बंद पडली तर किती तासांत दुरुस्त होईल, न झाल्यास बिलात किती सूट. किमतीतला मोठा हिस्सा या कराराचा असतो, आणि नेमका तोच कागद न वाचता कपाटात जातो.

तो वाचताना थोडं गणित करावं. ‘९९ टक्के चालू’ हे ऐकायला छान वाटतं, पण वर्षाला ते साडेतीन दिवसांहून जास्त बंद असतं. ९९.५ टक्के म्हणजे महिन्याला साडेतीन तासांच्या थोडं वर. ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला त्रेचाळीस मिनिटं. तुमचा माल संध्याकाळी सहा ते आठ या वेळात निघत असेल, तर साडेतीन तास कुठल्या वेळी जातात यावर सगळं ठरतं.

याहून मोठी फसगत दुसऱ्या लाइनीच्या बाबतीत होते. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून लोक दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतात. बिलं दोन, राउटर दोन, मन निश्चिंत. पण बाहेर जाऊन पाहिलं तर दोन्ही केबल एकाच खांबावरून, एकाच मोरीखालून आलेल्या असतात. कित्येकदा दोन कंपन्यांनी एकाच स्थानिक माणसाकडून शेवटचा टप्पा घेतलेला असतो. खांब पडला की दोन्ही एकदम जातात. खोपोलीच्या कारखानदाराने एक लाइन जुन्या महामार्गाच्या बाजूने आणि दुसरी कर्जत-पळसदरीच्या बाजूने आणली, तरच तिला दुसरी म्हणता येईल. ते जमत नसेल तर दुसरी जोडणी हवेतून घ्यावी, रेडिओ लिंक किंवा मोबाइलचं सिम. वेग कमी मिळेल, पण ई-वे बिलाला वेग लागत नाही, जोडणी लागते.

इथला पाऊस गमतीचा नाही. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. २६ जुलै २००५चा पूर उल्हास नदीकाठच्या माणसांना आजही आठवतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि जिल्हाभर विजेचे खांब आडवे झाले. खांबावरची केबल खांबासोबतच जाते. जमिनीखालची वादळात वाचते, पण तिचा शत्रू वेगळा: रस्ता रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, नव्या बंगल्याचा पाया. खोदण्यापूर्वी खाली काय आहे ते कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. तालुक्यातल्या प्रत्येक ठेकेदाराच्या फोनमध्ये ते असायला हवं, आणि ते वापरल्याशिवाय ग्रामपंचायतीने खोदाईची परवानगी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कर्जतचा दुसरा मोठा व्यवसाय म्हणजे फार्महाउस आणि रिसॉर्ट. इथे घोळ बहुधा आवारातल्या जाळ्यात असतो. मालक दोनशे एमबीपीएसची जोडणी घेतो, खोका रिसेप्शनच्या भिंतीवर लावतो आणि नदीकाठच्या कॉटेजमध्ये पाहुण्याला रेंज मिळत नाही. मग ‘नेट खराब’ म्हणून पुरवठादार बदलला जातो. वास्तविक तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा शंभर मीटर. त्यापुढे ती ओढली की कधी चालते, कधी नाही. शिवाय दोन इमारतींमध्ये उघड्यावर तांब्याची केबल टाकली की मे-जूनच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांमध्ये दोन्ही टोकांचे स्विच जळतात. इमारती-इमारतींमध्ये फायबर टाकली तर वीज तिच्यातून वाहत नाही. फायबर आता इतकी महाग नाही की टाळावी. खर्च आहे तो चर खणण्याचा, आणि तो बांधकाम चालू असतानाच केला तर जवळपास फुकटात होतो. रिसॉर्टचा नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्टने पाण्याच्या आणि विजेच्या पाइपांसोबत एक रिकामा पाइप टाकून ठेवावा, एवढीच मागणी आहे.

शनिवारी रात्रीचा भार हा इथला खास प्रश्न. आठवडाभर रिकाम्या असलेल्या आवारात एकदम शंभर-दीडशे मोबाइल येतात, आणि शेजारच्या रिसॉर्टमध्येही तेच. सामायिक फायबर तेव्हा गुदमरते. त्याच वेळी काउंटरवर यूपीआयचं पेमेंट अडकतं आणि पाहुणा ताटकळतो. यावरचा इलाज स्वस्त आहे. स्विचमध्ये पाहुण्यांचं जाळं वेगळं, बिलिंग आणि कॅमेऱ्यांचं वेगळं करायचं, आणि बिलिंगला पहिली वाट द्यायची. स्विच थोडा बऱ्या दर्जाचा लागतो आणि तो लावणारा माणूस जाणता लागतो. सुरक्षेसाठीही हे आवश्यक आहे. अनोळखी शंभर मोबाइल आणि तुमचा हिशेबाचा संगणक एकाच जाळ्यात असणं ही बेपर्वाई आहे.

सुरक्षेबद्दल बोलताना दूर जायला नको. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघाला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणच्या जेएनपीटी बंदरातलं त्या कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले, ट्रक अडकले. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी ९४ कोटी रुपये काढले, तेही बऱ्याच अंशी परदेशांतल्या एटीएममधून. वॅन शाखांना जोडतं, तसंच संकटालाही वाट करून देतं. म्हणून शाखांच्या मध्ये दारं असावीत आणि ती बंद करता यावीत. पतसंस्था, भातगिरणी, औषधाचं दुकान यांच्याकडे हिशेबाची एक प्रत जाळ्यापासून तोडलेल्या डिस्कवर रोज असायला हवी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हा आदेश कंपन्यांनाही लागू आहे, हे खालापुरातल्या लहान कारखान्यांपर्यंत पोचायला हवं.

सरकारी कार्यालयांचं जाळं हा व्यवसायाचाच भाग मानला पाहिजे. कर्जतला जमिनींचे व्यवहार मोठे. दुय्यम निबंधक कार्यालयातली दस्तनोंदणी आयसरिता या राज्यव्यापी प्रणालीवर चालते. ‘सर्व्हर डाउन’ झालं की मुंबईहून आलेला खरेदीदार आणि गावातला विकणारा, दोघांचा दिवस जातो. ग्रामपंचायतींसाठी केंद्राने २०११मध्ये मंजूर केलेली योजना पुढे भारतनेट झाली. तिच्या सुरुवातीच्या रचनेत तालुक्यापासून पंचायतीपर्यंत फायबरची सरळ रेघ होती. मध्ये कुठे तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना आली, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटा पोचतो. एक लाख एकोणचाळीस हजार कोटींच्या या कार्यक्रमातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय हाच आहे. कारखानदाराने दोन वाटांनी लाइन आणायची, ती याच तत्त्वाने.

डोंगराची बाजू वेगळी. माथेरान परिसर २००३पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे वाटेल तसा चर खणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मोटारगाडी दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे केबलचं ड्रम काय आणि बॅटरी काय, सामान घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावर. तिथल्या हॉटेलवाल्यांना दुरुस्तीला लागणारा वेळ आधीच धरून चालावं लागतं. भीमाशंकरच्या पायथ्याच्या गावांना आणि वनजमिनीपलीकडच्या वाड्यांना उपग्रहाचा पर्याय पुढे येईल. स्टारलिंकला जून २०२५मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. पण उपग्रह हा जिथे काहीच पोचत नाही तिथला पर्याय आहे. सावरोलीच्या गोदामाने त्याची वाट पाहू नये.

आता सर्वांत महत्त्वाचं, ते माणसांचं. फायबरचा गाभा नऊ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी पट बारीक. तुटलेली दोन टोकं स्प्लाइसिंग मशीनमध्ये धरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची, आणि जोड नीट झाला का ते मोजायचं. हे काम भर पावसात, रस्त्याच्या कडेला, छत्रीखाली आपलीच पोरं करतात. बहुतेकांनी ते एकमेकांच्या हाताखाली शिकलेलं असतं, आणि अनेकांकडे ना खांबावर चढायचा पट्टा असतो ना विमा. महावितरणच्या जिवंत तारांजवळ काम करणाऱ्या या मुलांना सुरक्षेची साधनं देणं ही त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या प्रत्येक कंपनीची जबाबदारी आहे. तालुक्यात अशी चांगली शिकलेली, पगारावरची दहा-वीस माणसं आणि दोन-चार मशिनं वाढली तर नव्या टॉवरपेक्षा जास्त फरक पडेल. आयटीआयमध्ये फायबर जोडणी आणि लॅन बसवणी यांचे छोटे अभ्यासक्रम हवेत, आणि उद्योजक संघटनांनी त्यासाठी पैसे उभे करायला हवेत. मुंबईहून इंजिनिअर येईपर्यंत थांबणं कोणालाच परवडत नाही.

पावसानंतरचे कोरडे महिने वाया घालवू नका. चर खणायला, खांब बदलायला, करार पुन्हा वाचायला हेच महिने बरे. आपल्या पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी विचारा: आमची केबल कोणत्या वाटेने येते, तुटली तर दुरुस्तीला कोण आणि किती तासांत येईल, आणि दुसरी लाइन याच खांबावरून येते का. उत्तर जूनच्या आधी मिळवा, आणि तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.