सोलापुरात पोहोचलेला ‘गजरा’

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून सहक्षेपण सुरू झालं आणि पुणेकरांच्या घरातही मुंबईचं चित्र दिसू लागलं. सोलापूर त्या टप्प्याच्या बरंच पलीकडे. आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे रेडिओ, गिरणीचा भोंगा आणि उन्हाळ्यात गच्चीवर पसरलेल्या चादरी. त्यामुळे ‘गजरा’ हा कार्यक्रम आमच्या पिढीतल्या बऱ्याच सोलापूरकरांनी आधी ऐकला आणि मग पाहिला. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला काकांकडे, आत्याकडे गेलेली मुलं परत यायची ती त्यातली प्रहसनं पाठ करूनच. मग ओट्यावर त्यांचे प्रयोग व्हायचे. मूळ कलाकार कोण, लेखक कोण, हे कुणालाच ठाऊक नसे. वाक्य कुठे तोडायचं आणि कुठे थांबून समोरच्याकडे नुसतं बघायचं, एवढं मात्र नेमकं आलेलं असायचं.

‘गजरा’चे निर्माते होते विनायक चासकर. रचना साधी होती. छोटी छोटी विनोदी प्रहसनं एकामागून एक यायची आणि सूत्रसंचालन करणारी मंडळी आपल्या गप्पांनी ती जोडत जायची. त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये ‘द टू रॉनीज’ हा कार्यक्रम दोघांच्या निवेदनात अशीच प्रहसनं ओवत होता. माध्यम नवं असलं की दोन देशांतली माणसं एकाच वाटेला लागतात, ती अशी. पण ‘गजरा’तलं सगळं जग आपलं होतं. घरमालक आणि भाडेकरू, साहेब आणि कारकून, मुलगी बघायला आलेले पाहुणे, उसने पैसे परत मागायला संकोचणारा शेजारी. नेपथ्य म्हणाल तर एक टेबल, दोन खुर्च्या, फार तर एक दार.

किशोर प्रधान हे नाव या कार्यक्रमाशी कायमचं जोडलं गेलं. ते आणि शोभा प्रधान ही जोडी ‘गजरा’मुळे घराघरात ओळखीची झाली. किशोर प्रधानांची ताकद त्यांच्या थांबण्यात होती. चेहरा अगदी गंभीर, आवाज जरासा दमलेला, आणि हशाचं वाक्य असं टाकायचं की जणू ते त्यांच्या लक्षातच आलेलं नाही. कित्येक वर्षांनी, २००७ साली आलेल्या ‘जब वी मेट’मध्ये ते स्टेशनमास्तर झाले होते. भूमिका काही मिनिटांची. हिंदी प्रेक्षकांनाही ती आजवर आठवते, आणि ज्यांनी ‘गजरा’ पाहिला होता त्यांना तर त्या प्रसंगात जुना माणूस जसाच्या तसा भेटला. थोडक्या वेळात अख्खा माणूस उभा करण्याचा सराव त्यांनी आधी खूप केला होता. १२ जानेवारी २०१९ रोजी ते गेले.

त्या विनोदाची घडण समजून घ्यायची तर तेव्हाच्या स्टुडिओकडे बघायला हवं. टेपचं संकलन जिकिरीचं असल्यामुळे प्रहसन शक्यतो सलग चित्रित व्हायचं. कॅमेरे मोजके, आणि एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा निर्णय तिथल्या तिथे व्हायचा. नट चुकला तर सगळं पहिल्यापासून. अशा वेळी रंगभूमीवर मुरलेलाच माणूस उपयोगी पडतो, कारण सलग भूमिका पेलायची त्याला सवय असते. पण रंगमंचावरचा चढा आवाज आणि मोठे हातवारे कॅमेऱ्यासमोर चालत नाहीत. ‘गजरा’तल्या नटांनी आवाज खाली आणला, हालचाल कमी केली आणि डोळ्यांवर जास्त भर दिला. मराठी नट छोट्या पडद्याचा अभिनय शिकले ते अशा कार्यक्रमांमधून, असं मला ठामपणे वाटतं. आपल्या नाट्यइतिहासात याची नोंद जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही.

हा प्रकार आपल्याकडे काही आकाशातून पडला नव्हता. तमाशात गण-गौळण झाली की वगाआधी बतावणी होते. दोन माणसं, एक विषय आणि हजरजबाबी बोलणं. ज्या सोलापूरने लावणीला राम जोशींसारखा शाहीर दिला, तिथल्या माणसाला ही जातकुळी सांगावी लागत नाही. दिवाकरांनी नाट्यछटेत एकाच पात्राच्या तोंडून अख्खा प्रसंग उभा केला होता. रेडिओवर ‘प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरोघरी नात्यातले झाले होते.  पुढे ‘झोपी गेलेला जागा झाला’ लिहिणाऱ्या बबन प्रभूंनी याकूब सईद यांच्याबरोबर मुंबई दूरदर्शनवर ‘हास-परिहास’ रंगवला. १९७७पासून चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. ती मालिका होती, पात्रं ठरलेली. ‘गजरा’त मात्र दर खेपेला नवं माणूस नव्याने ओळखीचं करून द्यावं लागे, आणि म्हणून मला तो लेखकांच्या दृष्टीने अधिक कठीण वाटतो.

सोलापुरात ‘गजरा’ खऱ्या अर्थाने मुरला तो शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि गणेशोत्सवाच्या मांडवात. तीन अंकी नाटक बसवायला पैसा लागतो, तालमींना जागा लागते, आणि पाळीत काम करणाऱ्या गिरणी कामगारांना रोज एका वेळी जमणं अवघड. पाच मिनिटांचं प्रहसन दोन संध्याकाळींत बसतं. मुंबईहून आलेलं प्रहसन इथे मात्र तसंच राहत नसे. या गावात मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू रोजच्या बोलण्यात असते. मुंबईचा भाडेकरू इथे पूर्व भागातला मागावर काम करणारा होई, घरमालक कानडी वळणाचं मराठी बोले, आणि ‘काय बे’ म्हटल्याशिवाय संवाद पुढे सरकत नसे. करणारी मुलंही त्याच घरांतली असत. आईच्या, मामाच्या बोलण्याची लकब ती मंचावर आणत आणि समोर बसलेले आई-मामा हसून हसून डोळे पुसत. तेलुगू घरातला मुलगा कानडी आजोबा झाला आणि पहिल्या रांगेतल्या कानडी आजोबांनी टाळ्या वाजवल्या, हे मी मांडवात बसून पाहिलेलं आहे.

ऐंशीच्या दशकात देशभर प्रक्षेपण केंद्रं वाढली आणि टीव्ही आमच्याही घरात आला. तोपर्यंत गावाने प्रहसनाचा हा प्रकार आपलासा केलेला होता. ‘हास्यसम्राट’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झालेले प्रा. दीपक देशपांडे सोलापूरचे, याचं म्हणूनच इथे कुणाला नवल वाटलं नाही. पुढे ‘फू बाई फू’ आलं, २०१४मध्ये ‘चला हवा येऊ द्या’, २०१८मध्ये सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. आजच्या कलाकारांची तयारी मोठी आहे, मी ते आवडीने बघतो. त्यांच्यासमोर परीक्षक असतात, पाहुणे असतात, हशा त्यांच्याबरोबरच ऐकू येतो. ‘गजरा’तल्या नटाला हशा ऐकू येत नसे. तो कुठे आणि किती वेळ येईल याचा अंदाज बांधून, तेवढी जागा सोडून पुढचं वाक्य घ्यावं लागे. मला या कार्यक्रमाची सर्वांत जास्त थोरवी वाटते ती इथे.

त्या काळी टेप महाग. जुनं चित्रण पुसून त्यावरच नवं करण्याचा रिवाज होता आणि त्यात दूरदर्शनचं पुष्कळ काम गेलं. जे उरलं आहे ते सह्याद्री वाहिनीने लोकांपुढे आणताना प्रत्येक प्रहसनाखाली लेखकाचं नाव द्यावं. कलाकारांचे चेहरे ओळखणारे अजून भेटतात. लिहिणाऱ्यांची नावं सांगू शकतील अशी माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जाऊन ती विचारून घेण्याचं काम कुठल्याही नाट्यसंस्थेला याच वर्षी हाती घेता येईल, सोलापूरच्यासुद्धा.