आकड्यासोबत त्याची ओळखही हवी

क्रॅब नेब्युला म्हणजे १०५४ साली दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष. एखाद्या तारकासूचीत त्याचा विषुवांश, म्हणजे आकाशातला रेखांश, ८२.८८ अंश दिसेल, दुसरीत ८३.६३. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला १९५० च्या संदर्भाने मोजलेला आहे, दुसरा २००० च्या. पृथ्वीचा अक्ष संथपणे डोलत असल्याने आकाशातले निर्देशांक सरकत राहतात. क्रॅबच्या बाबतीत पन्नास वर्षांतला हा फरक सुमारे ०.७ अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबापेक्षाही मोठा भरतो. संदर्भवर्ष लिहायचे राहिले, तर अचूक आकडाही दुर्बीण भलतीकडेच वळवतो.

त्यात क्रॅबचे रेडिओ वेध एका संग्रहात, क्ष-किरणांचे दुसऱ्यात, दृश्य प्रकाशातले तिसऱ्यात. ते जुळवल्याशिवाय पूर्ण चित्र उभे राहत नाही. म्हणून २००२ साली अनेक देशांच्या खगोलशास्त्रज्ञांनी ‘आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा आघाडी’ स्थापन केली आणि वेबवर रुळलेल्या खुल्या मानकांचाच आधार घेतला.

त्यातून एक्सएमएलवर आधारलेला ‘व्हीओटेबल’ हा तक्ता आला. त्यात प्रत्येक स्तंभाचे एकक, संदर्भप्रणाली आणि मोजलेल्या राशीचा प्रकार नोंदवण्याची सोय असते. स्तंभाला कोणी ‘आरए’ म्हणो वा ‘अल्फा’, प्रमाणित खूण एकच असल्याने संगणक दोन्हींना विषुवांश म्हणूनच ओळखतो.

माहिती मागण्याची रीतही ठरलेली आहे. संग्रहाच्या वेबपत्त्याला विषुवांश ८३.६३, क्रांती (आकाशातला अक्षांश) २२.०१ आणि त्रिज्या ०.१ अंश हे तीन आकडे जोडले, की क्रॅबभोवतीच्या तेवढ्या वर्तुळातल्या नोंदी तक्त्यात मिळतात. संग्रह बदलला तरी प्रश्न तोच. या कामात पुण्याचाही वाटा आहे : आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून अशा तक्त्यांवरून आलेख काढणारे ‘व्हीओप्लॉट’ तयार केले.

गाया उपग्रहाने टिपलेल्या सुमारे १८० कोटी ज्योतींची माहिती आज लहान गावातला विद्यार्थीही याच मार्गाने विनामूल्य मिळवू शकतो. स्वतःची दुर्बीण नसलेल्यालाही संशोधनाचे दार उघडे होते, ते अशा मानकांमुळे. म्हणूनच माहिती इतरांना वापरता येईल अशी मांडणे हे वेध घेण्याइतकेच शास्त्रीय काम आहे. भूजल असो, हवामान असो वा जैवविविधता, संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी माणसे आणि पैसा पहिल्या दिवसापासून धरलाच पाहिजे.