काटा की आकडा? वाहनांतील मापके आणि भोपाळचा धडा

मोटार, ट्रॅक्टर, बस अथवा दुचाकी, वाहन कोणतेही असो, चालकासमोरील फलकावर काही मापके असतातच. वाहनाचा वेग किती, टाकीत इंधन किती, इंजिन किती तापले, हे सांगणे त्यांचे काम होय. पूर्वी ही माहिती गोल तबकडीवर फिरणाऱ्या काट्याने मिळत असे. आता अनेक वाहनांत काट्याच्या जागी प्रकाशमान आकडे आले आहेत. या दोहोंपैकी अधिक चांगले कोणते, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर, मापकाकडून काय जाणून घ्यावयाचे आहे, यावर अवलंबून आहे.

काटा कसा फिरतो?

काट्याच्या वेगमापकाचे एकस्व जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी 1902 मध्ये घेतले. त्याची रचना साधी आहे. गिअरपेटीपासून निघालेली तार फिरू लागली की तिच्या टोकाचा चुंबक फिरतो. त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. ती चुंबकाला चिकटत नाही. परंतु फिरत्या चुंबकामुळे तिच्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. वेग वाढेल तशी वाटी अधिक वळते आणि तिला जोडलेला काटा पुढे सरकतो.

आकड्यांच्या मापकात तार नसते. चाकाजवळ किंवा गिअरपेटीवर बसविलेला संवेदक फिरण्याबरोबर विजेचे ठोके पाठवितो. ठरावीक वेळात किती ठोके आले ते मोजून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेगाचा आकडा दाखविते. आजच्या काही मोटारींत पडद्यावर काटाही दिसतो. तो ठोक्यांच्या हिशेबावरून काढलेले चित्र असतो.

प्रत्येकाचे काम वेगळे

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदाला सुमारे 17 मीटर अंतर कापते. चालकाची नजर रस्त्यावरून जितकी कमी वेळ हलेल तितके बरे. काटा वाचावा लागत नाही. तो कोठे आहे एवढे दिसले तरी पुरते. तो वर चढतो आहे की खाली उतरतो आहे आणि मर्यादेपासून किती दूर आहे, हेही एका दृष्टिक्षेपात कळते. नेमका वेग हवा असेल, तर मात्र आकडा सोयीचा. वेगमर्यादा 50 असताना आपण 48 वर आहोत की 53 वर, हे तो निःसंदिग्धपणे सांगतो.

जुन्या मोटारींच्या रचनाकारांनी ही वाटणी केव्हाच केली होती. वेगासाठी काटा आणि एकूण अंतरासाठी त्याच तबकडीतील फिरती आकड्यांची चाके, अशी योजना सर्वत्र असे. कारण वेग सारखा बदलतो. अंतराचा मात्र नेमका हिशेब हवा असतो. अमेरिकेतील कॉर्व्हेट मोटारीने 1984 च्या नमुन्यात फलक आकड्यांचा केला. 1990 च्या नमुन्यात वेगाचा आकडा ठेवून इतर मापकांसाठी पुन्हा काटे आणले.

काटा सदैव निर्दोष असतो असेही नाही. एकाच तबकडीवर तीन काटे असलेला विमानाचा उंचीमापक वाचताना वैमानिक हजार फुटांची चूक करीत, हे 1947 मध्ये फिट्स व जोन्स यांच्या अभ्यासातून दिसून आले. पुढे काटा आणि आकडा एकत्र असलेली मापके आली.

भोपाळची रात्र

मापकाने दाखविलेल्या बदलाकडे लक्ष न गेल्यास काय घडू शकते, याचे अत्यंत दुःखद उदाहरण भोपाळ येथे आहे. मापके केवळ वाहनांत नसतात. कारखान्याचा नियंत्रणकक्षही त्यांच्याच आधारे चालतो. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट साठविलेल्या 610 क्रमांकाच्या टाकीचा दाब 10 वाजून 20 मिनिटांनी दर चौरस इंचाला 2 पौंड असा नोंदला गेला. पावणेअकराला पाळी बदलली. 11 वाजता तोच दाब 10 पौंड होता. 2 ते 25 पौंड दाब नेहमीचा समजला जात असल्याने 10 या आकड्यात कोणास वावगे वाटले नाही. परंतु 40 मिनिटांत दाब पाचपट झाला होता. टाकीत पाणी शिरून रासायनिक क्रिया सुरू झाली होती. मध्यरात्रीनंतर दाब 30 पौंडांपलीकडे गेला आणि थोड्याच वेळात मापकाच्या शेवटच्या 55 या खुणेपर्यंत पोहोचला.

कारखान्यातील मापके विश्वसनीय नसल्याचा कामगारांचा अनुभव होता, त्यामुळे असाधारण आकड्यावरही चटकन विश्वास बसत नसे. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. इतर सुरक्षायंत्रणाही त्या रात्री उपयोगी पडल्या नाहीत. दुर्घटनेची कारणे अर्थातच अनेक होती आणि केवळ मापकाकडे बोट दाखविणे योग्य होणार नाही. मध्य प्रदेश शासनाने वायुगळतीमुळे झालेल्या मृत्यूंची संख्या 3,787 अशी निश्चित केली. पीडितांच्या संघटनांच्या मते ती याहून कितीतरी अधिक आहे.

10 हा आकडा एकटा पाहिला तर निरुपद्रवी होता. आधीच्या 2 शेजारी ठेवला असता तर तोच धोक्याची सूचना ठरला असता. काटा असो वा आकडा, ‘किती आहे’ याबरोबर ‘मघाशी किती होते’ हे पाहणाऱ्याच्या ध्यानी आले पाहिजे.

काय करावे?

वाहन नेहमीच्या भाराने चालताना उष्णतेचा काटा कोठे थांबतो, ते चालकाने लक्षात ठेवावे. तो त्या जागेवरून वर सरकू लागला, तर लाल खुणेची वाट न पाहता वाहन थांबवावे. इंजिन निवल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नये. काही नव्या वाहनांत उष्णतेसाठी केवळ दिवा असतो. तो संकट आल्यावरच पेटतो, म्हणून पाण्याची पातळी नियमितपणे तपासावी. मापक बिघडले असेल तर ते तत्काळ दुरुस्त करून घ्यावे. चुकीच्या मापकाची सवय झाली की खऱ्या सूचनेवरचाही विश्वास उडतो.

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, शीतगृहात किंवा कारखान्यात नोंदवही ठेवणाऱ्यांनी नव्या नोंदीशेजारी मागील नोंद आणि दोहोंतील फरक लिहावा. पाळी बदलताना हा फरक येणाऱ्या व्यक्तीस तोंडी सांगावा.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज समजाविता येईल. काट्यांचे आणि आकड्यांचे अशी दोन घड्याळे समोर ठेवून, मधली सुटी होण्यास किती वेळ उरला, हे मुलांना विचारावे. काट्याच्या घड्याळात उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो; आकड्यांच्या घड्याळात वजाबाकी करावी लागते. नंतर नेमके किती वाजले ते विचारावे, म्हणजे आकड्यांचा उपयोगही ध्यानात येईल.