गायरानातलं घर : नोटीस आली तर एकट्याने धावू नका

गायरानात घर असणाऱ्यांच्या मनात एकच धाकधूक असते, जेसीबी कधी येईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा गावोगाव नोटिसा आल्या आणि लोक तहसीलला धावले. जो तो आपापला कागद घेऊन.

घर हा हक्क आहे का? घटनेत घराचं वेगळं कलम नाही. पण कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात निवारा येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली चमेली सिंग खटल्यात म्हटलंय. त्याआधीचा, १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल जास्त गाजला. १९८१ साली ऐन पावसाळ्यात मुंबईतल्या फूटपाथवरच्या लोकांना हटवायचं ठरलं. त्याविरोधात पत्रकार, फूटपाथवर राहणारे आणि हक्कांसाठी लढणारी संघटना कोर्टात गेली. फूटपाथवर कायम राहायचा हक्क काही मिळाला नाही, हे नीट लक्षात घ्या. पण हटवायच्या आधी नोटीस द्या, ऐकून घ्या आणि हा पावसाळा सरू द्या, एवढं पदरात पडलं.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात तर पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ता, फूटपाथ, नदीकाठ अशा सार्वजनिक जागांना मात्र ते संरक्षण नाही. गायरान त्यात धरायचं की नाही यावर वाद घातला जाऊ शकतो, म्हणून वकिलाला विचारा.

आता खरी अडचण गावातलीच. एकाचं नाव घरकुल यादीत येतं, तो गप्प बसतो. जुनं घर असलेला म्हणतो, नव्यांचं काढा. आम्हा शेतकऱ्यांना गुरं चारायला गायरान लागतं, तेही खोटं नाही. त्यामुळे समिती करायचीच तर आधी दोन गोष्टी ठरवा. जात, भावकी, पार्टी बघून कुणाला वगळायचं नाही. आणि पर्यायी जागा मिळाल्याशिवाय कुणाचंच घर पाडू द्यायचं नाही, पण नवीन अतिक्रमणही होऊ द्यायचं नाही. हे ग्रामसभेत बोला, ठरावात लिहून घ्या. बायकांना पुढे बसवा, घर मोडलं की चूल त्यांचीच उघड्यावर येते.

यादीत नाव आहे पण जागा नाही, अशांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. पंचायत समितीत चौकशी करा. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, नमुना ८ चा उतारा यांच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा. नोटीस आली तर ती कोणत्या तारखेला हातात पडली, ते तिच्यावरच लिहा.