बिनतारी संगणकजाळें व आपला व्यापार

एका संगणकांतील माहिती दुसऱ्या संगणकांत जावी म्हणून जी जोडणी करितात, तिला जाळें म्हणतात. ही जोडणी तारेऐवजीं विद्युच्चुंबकीय लहरींनीं केली म्हणजे तें बिनतारी जाळें होय. प्रचारांत त्यास ‘वाय-फाय’ असें नांव आहे. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अशाच जातीच्या लहरींनीं दूर ठेविलेली घंटा वाजवून दाखविली होती. आज त्या दुकानाचा हिशेब वाहतात. वाय-फायच्या नेहमींच्या एका प्रकारांत लहरीचीं कंपनें सेकंदास सुमारें २४० कोटी असतात, आणि तिची लांबी अवघी १२ सेंटिमीटरांच्या आसपास भरते.

व्यापाऱ्यास याचा उपयोग काय? आपला सिहोऱ्याचा परिसर धानाचा. तेव्हां भातगिरणीचेंच उदाहरण घेऊं. वजनकाटा फाटकाशीं, गोदाम आंत, आणि मुनीमजींची खोली तिसरीकडेच. काट्यावरचा आंकडा चिठ्ठीवर उतरतो, चिठ्ठी हमालाच्या हातून खोलींत जाते, तेथें ती वहींत उतरते. दर उतरणीस एखादा आंकडा घसरण्याचें भय असतें, आणि शेतकरी बिचारा सायंकाळपर्यंत ओट्यावर बसून राहतो. काटा व खोली जाळ्यानें जोडलीं, तर वजन होतांच तें हिशेबांत जातें. हें तारेनेंही साधतें. परंतु तार उंदीर कुरतडतात, मालमोटारीच्या चाकाखालीं ती तुटते, आणि गोदाम बदललें कीं पुन्हां खोदकाम. बिनतारी यंत्र हातांत घेऊन थेट पोत्यांच्या थप्पीपाशीं जातां येतें. धान ज्याचें, त्यास आंकडा तेथल्या तेथें दाखवितां येतो, हा लाभ आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

कोल्हापूरकडील वारणा साखर कारखान्याच्या परिसरांत १९९८ सालीं सुमारें ७० गांवांसाठीं संगणकाची योजना निघाली. उसाच्या वजनाची वा खताची माहिती हवी, तर शेतकऱ्यानें गांवच्या केंद्रांतील संगणकापाशीं जावें, अशी ती व्यवस्था. पुढें २००७ च्या सुमारास तेथील सात गांवांत आठ महिने संगणकाऐवजीं मोबाईलवरील लघुसंदेशांनीं तेंच काम करून पाहण्यांत आलें. सर्व कामें झालीं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांस तीच रीत अधिक आवडली. तेथें वाय-फाय नव्हतें हें खरें. पण माहिती माणसापाशीं आली, हा मुद्दा तोच.

लहान दुकानदारासही आतां वाट मोकळी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें ९ डिसेंबर २०२० रोजीं मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेअन्वयें चहाच्या टपरीवालाही परवान्यावांचून व शासकीय शुल्कावांचून गिऱ्हाइकांस इंटरनेट पुरवूं शकतो.

मात्र लहरींनाही खोड्या आहेत. टिनाचा पत्रा त्यांना परत फिरवितो. ओलें धान त्यांना बरेंच शोषून घेतें, म्हणून यंत्र थप्पीच्या मागें न ठेवतां उंच टांगावें. वीज गेली कीं तेंही मुकें होतें. बॅटरीची सोय हवीच. शिवाय लहर भिंतीशीं थांबत नाहीं, रस्त्यावरही पोहोंचते. परवलीचा शब्द ‘१२३४५६७८’ ठेवणारे व्यापारी मग चोराला नांवें ठेवितात! तो शब्द लांब व अवघड असावा, आणि गिऱ्हाइकांचें जाळें हिशेबाच्या जाळ्याहून निराळें ठेवावें. बहुतेक यंत्रांत तशी सोय असतेच. ती चालू करण्याचें काम घरांतील शाळकरी मुलासही जमेल.